ज्ञान दप्तरात, दरड दारात

सह्याद्रीच्या ऐन कड्याशी, रायगड, सातारा आणि रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकमेकींस भिडतात तेथे, पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे गाव वसले आहे. भीमाची काठी नावाचा तेथील सुळका आणि पावसाळ्यात कड्यांवरून कोसळणारे धबधबे पाहण्यास अलीकडे मुंबई-पुण्याकडील प्रवाशांची रीघ लागू लागली आहे. प्रवासी संध्याकाळी परत फिरतो. गावकरी तेथेच राहतो. ज्या डोंगराचे सौंदर्य पाहून प्रवासी हरखतो, तोच डोंगर गावकऱ्याच्या छपरामागे आषाढाच्या रात्री अंधारात उभा असतो. ‘हा उतार यंदाचा पाऊस सोसेल काय?’ हा त्याचा प्रश्न कोणत्याही राजकीय प्रश्नाहून अधिक निकडीचा आहे. या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग तरी शास्त्रज्ञांनी सरकारी खर्चाने शोधून ठेवला आहे. मग तो ज्याच्या जिवासाठी शोधला त्याच्या हाती का पडत नाही, हाच आजच्या आमच्या लेखाचा विषय होय.

हा प्रश्न कल्पनेतून उद्भवलेला नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांवर डोंगर कोसळले व दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. त्यानंतर भूशास्त्रज्ञ गावोगाव फिरले, पाहण्या झाल्या, अहवाल लिहिले गेले. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, त्याच महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे एका क्षणात गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही त्याच पावसात दरडींनी बळी घेतले. मधल्या काळात ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण या गावाने दीडशेवर माणसे गमावली होती. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी ही ठाकरांची वस्ती झोपेतच गडप झाली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे मातीतच राहिली आणि शोधकार्य थांबवावे लागले.

या घटनांची कारणे शास्त्रास अज्ञात नाहीत. सह्याद्रीचा पाया कठीण काळ्या पाषाणाचा. त्यावर माती, मुरूम व निखळलेल्या दगडगोट्यांचा थर बसलेला. पाऊस थोडा असता पाणी झिरपून वाहून जाते. परंतु दिवसेंदिवस झड लागून राहिली व त्यावर एखाद्या रात्री ढगफुटीसारखा वर्षाव झाला, म्हणजे त्या थरात पाणी कोंडते, मातीचे वजन वाढते, मातीच्या कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि सारा थर खडकावरून घसरू लागतो. रस्त्यासाठी वा घराच्या जोत्यासाठी डोंगराचा पायथा कापला असेल, पाण्याच्या जुन्या वाटा बुजविल्या असतील, तर हे संकट अधिक लवकर ओढवते. तळियेच्या दुर्घटनेच्या वेळी शेजारच्या महाबळेश्वरात एका अहोरात्रात ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. असा पाऊस कोठे पडला असता कोणता उतार धोक्याचा ठरेल, याचा अंदाज बांधण्याची विद्या आज उपलब्ध आहे. तिला घटकेचे भविष्य सांगता येत नसले, तरी धोक्याची जागा बव्हंशी दाखविता येते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ साली स्थापन झालेली, देशातील अत्यंत जुन्या शास्त्रीय संस्थांपैकी एक. दरडींचा संभव कोठे किती, हे दाखविणाऱ्या राष्ट्रीय नकाशांचे काम या संस्थेने २०१४ पासून हाती घेतले, आणि त्यांत सह्याद्रीचा प्रदेश आहे. संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या श्रमांविषयी आम्हांस आदरच वाटतो. तथापि हे नकाशे पन्नास हजारांस एक या प्रमाणाचे आहेत, ही गोष्ट जनतेस कोणीही समजावून सांगत नाही. या प्रमाणाने कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. शंभर मीटर लांबीत वसलेली तीस घरांची वाडी त्या नकाशावर दोन मिलिमीटरांत, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही कमी जागेत, मावते. ज्या नकाशात वाडीच दिसत नाही त्यात वाडीमागची भेग कोठून दिसणार? असा नकाशा तालुक्याच्या नियोजनास उपयोगी. घर सोडावे की न सोडावे या निर्णयास अपुरा. नकाशाची ही मर्यादा नकाशाइतकीच महत्त्वाची माहिती आहे. ती न सांगता नुसती यादी जाहीर केली, तर यादीत नाव नसलेला माणूस निश्चिंत होऊन झोपतो.

इरशाळवाडीच्या बाबतीत नेमके हेच झाले. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे राज्य सरकारने दुर्घटनेनंतर विधिमंडळात सांगितले. रायगड जिल्ह्यात अशी १०३ गावे नोंदलेली होती व त्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील होती. यादीत नाव नव्हते, या उत्तराने सरकारचे समाधान झाले असेल. आमचे होत नाही. त्या वाडीचा उतार तपासून सुरक्षित ठरविला होता की तो कधी तपासलाच नव्हता? या दोन गोष्टींत महदंतर आहे. ‘धोका नाही’ आणि ‘पाहिलेले नाही’ ही दोन उत्तरे यादीच्या कोऱ्या जागेत एकसारखीच दिसतात आणि त्या सारखेपणाची किंमत माणसांनी मोजली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे चौथे कलम सांगते की, कोणी मागण्याची वाट न पाहता सरकारी कार्यालयांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करावी आणि ती करताना स्थानिक भाषेचा व त्या भागात परिणामकारक ठरेल अशा साधनाचा विचार करावा. त्याच कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे, एखाद्याच्या जीविताशी संबंध असलेली माहिती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. त्याच वर्षीचा आपत्ती व्यवस्थापन कायदा जिल्हा प्राधिकरणावर धोक्याची स्थळे निश्चित करण्याचे व लोकांस सावध करण्याचे कर्तव्य सोपवितो. कायद्याच्या दृष्टीने पाहता कुडपणच्या नागरिकास मागण्यासारखे काही उरतच नाही. सारे त्यास आधीच देऊन टाकलेले आहे! व्यवहारात मात्र पावसाळ्याच्या तोंडी दरडग्रस्त गावांतील लोकांच्या हाती पडते ती स्थलांतराची नोटीस. ‘आपले घर धोकादायक क्षेत्रात असून आपण सुरक्षित स्थळी जावे, अन्यथा होणाऱ्या हानीस प्रशासन जबाबदार राहणार नाही,’ असा तिचा एकंदर आशय असतो. धोका कोणता, कोणी व केव्हा पाहिला, किती पाऊस पडल्यावर निघावे आणि जावे तरी कोठे, यांतील काहीही तीत असेलच असे नाही. ज्ञान दप्तरात ठेवून केवळ जबाबदारी गावात पोहोचविणारी ही रीत होय.

या वृत्तीचे सर्वांत बोलके उदाहरण पश्चिम घाटाच्याच इतिहासात आहे. केंद्र सरकारने मार्च २०१० मध्ये ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ समिती नेमली. समितीने सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटरांच्या साऱ्या घाटप्रदेशाचा विचार करून संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी सुचविल्या आणि कोणत्या श्रेणीत काय चालावे व काय चालू नये याची चर्चा केली. ही चर्चा अखेरीस ग्रामसभांपर्यंत जावी व लोकांच्या सूचनांनी हे क्षेत्र-निर्धारण सुधारावे, अशी समितीची भूमिका होती. ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सादर झाला. त्यानंतर तो जनतेपुढे ठेवण्याऐवजी मंत्रालयाने कपाटात ठेवला.

केरळातील एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली तो मागितला. मंत्रालयाने नकार दिला. अहवाल अद्याप विचाराधीन आहे, तो उघड झाल्यास राज्याच्या शास्त्रीय व आर्थिक हितास बाध येईल, अशा आशयाची कारणे पुढे करण्यात आली. शास्त्रज्ञांनी लिहिलेला शास्त्रीय अहवाल लोकांनी वाचल्याने शास्त्रीय हितास बाध येतो, हा युक्तिवाद वाचून हसावे की रडावे हे कळेनासे होते. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी ९ एप्रिल २०१२ रोजी अहवाल प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. धोरण ठरण्यापूर्वीच नागरिकांस माहिती मिळाली तर त्यांच्या मतास काही अर्थ, धोरण ठरल्यावर माहिती देणे म्हणजे वरातीमागून घोडे, हेच त्या निर्णयाचे मर्म होते. मंत्रालयाने तरीही दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायालयाने १७ मे २०१२ रोजी त्याची याचिका फेटाळली आणि त्याच महिन्यात अहवाल जगापुढे आला. जवळजवळ नऊ महिने घाटातील कोट्यवधी लोकांच्या भवितव्याविषयीचा दस्तऐवज त्या लोकांसच निषिद्ध होता.

या नऊ महिन्यांचे फळ आम्ही आजही भोगत आहोत. ज्या जागी अहवाल नसतो त्या जागी अफवा येऊन बसते. घरे बांधता येणार नाहीत, गुरे चारता येणार नाहीत, आंब्या-फणसाचे झाड तोडले तर तुरुंगवास घडेल, अशा नाना वावड्या घाटमाथ्यावर व कोकणात उठल्या. ज्यांस खाणी व बांधकामे निर्वेध चालावयास हवी होती त्यांना त्या सोयीच्याच ठरल्या. समितीची प्रत्येक शिफारस शिरोधार्य मानावी असे आमचे मत नाही. तीवर प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु मतभेद व्हावयाचा तर आधी वाचन व्हावे लागते. पुढे कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला, २०१३ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि १० मार्च २०१४ पासून संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना एकामागून एक निघू लागल्या. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी, केरळातील वायनाड येथे दरडीने शेकडो बळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी. दहा वर्षांत सहा मसुदे, आणि दर वेळी हरकतींसाठी साठ दिवस!

हे साठ दिवस कोणत्या भाषेत मोजावयाचे? केंद्राचे राजपत्र हिंदी व इंग्रजीत निघते. मार्च २०२० मध्ये पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनासंबंधी केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला, तेव्हा हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. ३० जून २०२० रोजी न्यायालयाने तो मसुदा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांत दहा दिवसांत अनुवादित करून प्रसिद्ध करण्यास सांगितले. सरकारने अनुवाद करण्याऐवजी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली! बावीस भाषांत एक मसुदा छापण्याचा खर्च वकिलांच्या मानधनाहून फार अधिक झाला असता, असे आम्हांस वाटत नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही आमच्या राज्याची राजभाषा झाली. साऱ्या विद्या मराठीत याव्यात म्हणून राज्याने विश्वकोशाचे कार्य आरंभिले. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद लोकांत शास्त्र नेण्यासाठी झटत आहे. ज्या भाषेत विश्वाचे ज्ञान मावते तिच्यात कुडपणच्या डोंगराचा अहवाल मावणार नाही काय?

नकाशांच्या बाबतीत तर गुप्ततेची परंपरा फार जुनी आहे. संरक्षणाच्या कारणास्तव सागरकिनाऱ्यालगतच्या रुंद पट्ट्याचे सविस्तर भूनकाशे अनेक दशके सामान्य नागरिकांस निषिद्ध होते. २००५ च्या नकाशाधोरणाने दार किलकिले झाले व फेब्रुवारी २०२१ च्या नव्या नियमांनी ते बरेच उघडले, याबद्दल सरकारचे अभिनंदन करणे उचितच होय. दरम्यान परदेशी कंपन्यांनी उपग्रहांवरून टिपलेले आमचेच डोंगर आमच्या मुलांच्या भ्रमणध्वनीवर उतरले होते. शत्रूस जे दिसत होते ते फक्त आमच्या शेतकऱ्यास दिसू नये, इतकाच त्या गुप्ततेचा शेवटी अर्थ उरला. आता भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे संकेतस्थळावर ठेवलेले आहेत. परंतु संकेतस्थळावर ठेवणे आणि माणसापर्यंत पोहोचविणे ही एकच गोष्ट नव्हे. अक्षांश-रेखांश, उताराचे अंश आणि रंगांची परिभाषा जाणणाऱ्यासच ते बोलतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही अवस्था आहे.

सरकारी अधिकाऱ्यांचे काही आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत व ते क्षुद्र नाहीत. लोक घाबरतील, हा पहिला. वस्तुतः लोक आजही घाबरलेलेच आहेत. प्रत्येक मुसळधार रात्री सारखेच घाबरावे लागते, हे त्यांचे दुःख आहे. कोणत्या रात्री घाबरावे व कोणत्या रात्री स्वस्थ झोपावे, एवढे कळले तरी भीतीचे सावधगिरीत रूपांतर होईल. जमिनीच्या किमती पडतील, हा दुसरा आक्षेप. ज्या जमिनीची किंमत केवळ अज्ञानावर टिकून आहे ती विकणाऱ्याचे हित सांभाळण्यासाठी घेणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे हे सरकारचे काम नव्हे. आणि कुडपणसारख्या ठिकाणी प्रवाशांसाठी निवासस्थाने उभी राहू लागली, तर डोंगर कापण्यापूर्वीच हे ज्ञान सर्वांपुढे असणे अगत्याचे आहे. शास्त्राचे अंदाज चुकतात, हा तिसरा. ते चुकतात हे खरे. पण हवामानखात्याच्या चुकणाऱ्या अंदाजांवर कोकणातील कोळी शतकभर होडी ओढून घेत आला आहे. अंदाज किती खात्रीचा आहे, हे त्यासोबत सांगितले म्हणजे झाले. ज्यास स्वतःच्या जिवाचा निर्णय घ्यावयाचा आहे त्यास अपुरे ज्ञानही, अपुरे म्हणून सांगितलेले, उपयोगी पडते.

अन्य देशांनी हे करून दाखविले आहे. हाँगकाँगमध्ये १९७२ व १९७६ सालच्या भीषण दरडींनंतर १९७७ मध्ये स्वतंत्र भूतांत्रिक कार्यालय स्थापन झाले. माणसाने कापलेल्या वा भरलेल्या सुमारे साठ हजार उतारांची तेथे क्रमांकवार नोंद आहे. ती कोणाही नागरिकास पाहता येते आणि पाऊस ठराविक मर्यादेपलीकडे जाताच दरडीचा इशारा निघतो. जपानमध्ये २००१ पासून अमलात आलेल्या कायद्याने पिवळी व तांबडी अशी दोन क्षेत्रे जाहीर होतात आणि घर वा जमीन विकत घेणाऱ्यास त्याविषयी सांगणे बंधनकारक आहे. तेथेही दरडी कोसळतात, माणसेही मरतात. परंतु ‘आम्हांस कोणी सांगितले नव्हते’ असे म्हणण्याची पाळी तेथील नागरिकावर सहसा येत नाही.

शिवाय ज्ञानाचा ओघ वरून खालीच वाहतो असे समजण्याचे कारण नाही. डोंगराला गेल्या वर्षी नसलेली भेग पडली, बारमाही झरा एकाएकी गढूळ झाला वा नव्याच जागी पाणी फुटले, सरळ झाडे कलू लागली, घराची दारे चौकटीत अडकू लागली, ही सारी लक्षणे प्रथम दिसतात ती गुराख्यास व घरातील बाईस. उपग्रहास ती दिसत नाहीत. शास्त्रज्ञ गावात एखादा दिवस येतो, गावकरी तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतो. त्याच्या हाती अहवाल असेल तर तो त्यात भर घालील, चूक असेल तर दाखवील. आणि त्याचा लाभ शास्त्रासही होईल. नागरिकांनी वैज्ञानिक दृष्टी बाळगावी, असे मूलभूत कर्तव्य १९७६ च्या घटनादुरुस्तीने आम्हांवर घातले आहे. ज्यास विज्ञानाचा कागद पाहावयास मिळत नाही त्याने ही दृष्टी कशावर लावावी, हेही सरकारने सांगावयास हवे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. भूवैज्ञानिकांनी ज्या ज्या गावाची पाहणी केली त्याचा अहवाल सुबोध मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा व दर वर्षी मे महिन्यातील ग्रामसभेत जाणकाराने तो वाचून समजावून द्यावा. यादी गावाची न करता वाडीची करावी आणि जी वाडी तपासलेली नाही तिच्यापुढे ‘तपासणी झालेली नाही’ असे निःसंकोच लिहावे. धोक्याच्या वाड्यांसाठी घरे व पाण्याच्या वाटा दिसतील असे मोठ्या प्रमाणाचे नकाशे तयार करावेत. तेथे साधे पर्जन्यमापक बसवून किती मिलिमीटरांस घर सोडावे तो आकडा प्रत्येकाच्या तोंडी असावा. मसुदा अधिसूचना लोकांच्या भाषेत प्रसिद्ध होईपर्यंत हरकतींची मुदत सुरू झाली असे समजू नये. यांतील एकाही गोष्टीस नव्या कायद्याची गरज नाही. खर्चही पुनर्वसनाच्या खर्चापुढे नगण्य आहे.

केवळ माहिती दिल्याने सरकारचे कर्तव्य संपते, असे मात्र कोणी समजू नये. आपले घर कोसळणाऱ्या उताराखाली आहे हे कळूनही ज्यास दुसरीकडे गुंठाभर जागा नाही, त्यास ते ज्ञान शापच वाटेल. तळियेच्या आपद्ग्रस्तांस पक्क्या घरांसाठी किती काळ तात्पुरत्या निवाऱ्यांत काढावा लागला हे महाराष्ट्राने पाहिले आहे. माहिती दडविण्याचे खरे कारण पुष्कळदा येथेच असते: धोका एकदा लेखी मान्य केला की जागा देण्याची जबाबदारीही मान्य करावी लागते. हा हिशेब सरकारने एकदा लोकांसमोर उघड मांडावा. जागा आज देता येत नसेल तर केव्हा देता येईल ते सांगावे, आणि तोवर पावसाळ्याचे चार महिने सुरक्षित आश्रयाची सोय करावी. सत्य ऐकून घेण्याइतकी डोंगरातली माणसे कणखर आहेत. तो डोंगर ती जन्मभर चढत-उतरत आली आहेत.

आजवर प्रत्येक दुर्घटनेनंतर मंत्री आले, मदत जाहीर झाली, समित्या बसल्या आणि त्यांच्या अहवालांची भर पूर्वीच्या अहवालांत पडली. पुढचा पाऊस या साऱ्याची वाट पाहणार नाही. कुडपणपासून इरशाळगडापर्यंत सह्याद्रीच्या कुशीत झोपणाऱ्या प्रत्येक कुटुंबास आपल्या डोंगराविषयी सरकारला जे ठाऊक आहे ते सारे जाणण्याचा हक्क आहे, आणि सरकारला जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही, हे जाणण्याचाही. तो हक्क येत्या ज्येष्ठापूर्वी त्यांच्या पदरात पडावा, एवढेच आमचे सरकारास निक्षून सांगणे आहे.